भिंती कोसळत असताना चित्रकार कुठे असतात?

१

मुस्लिम मराठी लेखकांचे कोणतेही वार्षिक उघडा, त्यात युद्धावरच्या चार-दोन कविता हमखास सापडतात. पूर्वी त्यांत बगदाद असे, मग फलुजा आले, अलेप्पो आले, गाझा तर कायमच आहे. गावांची नावे बदलत गेली, पण कविता फारशी बदलली नाही. एक मूल असते आणि ते मेलेले असते. एक आई असते, ती छाती पिटत असते. आकाशातून आग बरसत असते. शेवटच्या कडव्यात जगाच्या कोर्टाला जाब विचारलेला असतो, नाहीतर उम्मतला हाक दिलेली असते. कवीचा कळवळा खरा असतो, याबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. तरीही वर्षभराने ते पान पुन्हा काढून वाचले, तर हाती काही लागत नाही.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी आमचे सांगतो. २००३ च्या मार्चमध्ये इराकवर हल्ला सुरू झाला, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर रात्र काढली आणि पहाटेपर्यंत चाळीस ओळींची एक कविता लिहून काढली. ती छापून आली. एका संमेलनात वाचली तेव्हा टाळ्याही पडल्या. पाच-सहा वर्षांनी ती सहज हाती आली. आम्ही मनाशी एक खेळ करून पाहिला. बगदादच्या जागी दुसऱ्या एका शहराचे नाव घातले, मग तिसऱ्या. कुठेच काही अडले नाही, मात्रासुद्धा चुकली नाही. त्या कवितेत बगदाद नव्हतेच. टायग्रिस नव्हती, जुन्या पुस्तकांची मुतनब्बी गल्ली नव्हती, एखाद्या चहाच्या दुकानाचा बाकसुद्धा नव्हता. २००७ च्या ५ मार्चला त्याच मुतनब्बी गल्लीत बॉम्ब फुटला, पुस्तके आणि माणसे एकत्र जळाली, तेव्हा कुठे आम्हांला कळले की ज्या शहरावर आपण कविता केली त्यातली एक गल्लीही आपल्याला ठाऊक नव्हती.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. दूरच्या युद्धावर लिहिण्याचा आपल्याला हक्क आहे काय? असल्यास तो कशाने मिळतो? निव्वळ हळहळ पुरते काय? हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. मुस्लिम मराठी साहित्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकापुढे तो कधी ना कधी येतोच. त्याचे उत्तर शोधताना ज्या काही कलाकृतींनी आम्हांला मदत केली, त्यांच्याविषयी इथे लिहीत आहोत.

२

आरंभ फैज अहमद फैज यांच्यापासून करू. कारण आमच्या घराघरांत या विषयावरचे पहिले नाव तेच आहे. फैजसाहेबांच्या आयुष्यातली बैरूतची वर्षे मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली जात नाहीत. झिया-उल-हक यांच्या राजवटीत पाकिस्तानात राहणे अवघड झाल्यावर ते बैरूतला गेले आणि आफ्रो-आशियाई लेखकांच्या ‘लोटस’ या नियतकालिकाचे संपादन करू लागले. ‘लोटस’चे आधीचे संपादक, इजिप्तचे युसुफ अल सिबाई यांची १९७८ साली निकोशियात हत्या झाली होती. लेबनॉनमध्ये तर यादवी युद्ध चालू होते. म्हणजे संपादकाची खुर्ची काही आरामाची नव्हती. १९८१ साली निघालेला ‘मेरे दिल मेरे मुसाफिर’ हा संग्रह त्यांनी यासर अराफात यांना अर्पण केला. पॅलेस्टिनी बाळासाठी त्यांनी लिहिलेली लोरीही याच काळातली आहे.

त्या लोरीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. मेलेल्या मुलावर कविता करणारे पुष्कळ असतात. फैज यांनी जिवंत मूल निवडले, त्याला झोप येत नाही ही साधी अडचण निवडली आणि अंगाईचा घरगुती साचा घेतला. अंगाईत आई बाळाला नात्यातल्या माणसांची नावे सांगते, कोण कुठे गेला आहे ते सांगते. इथेही तेच होते. फक्त गेलेले परत येणारे नाहीत. अंगाई कशी असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला युद्ध काय असते हे वेगळे सांगावे लागत नाही. कवीने आकांत केलेला नाही. साचा मोडलेलाही नाही. तो तसाच चालू ठेवला आहे, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

१९८२ च्या जूनमध्ये इस्रायली फौजा लेबनॉनमध्ये शिरल्या आणि बैरूतच्या पश्चिम भागाला वेढा पडला. पाणी तोडले, वीज तोडली, जमिनीवरून, समुद्रातून आणि आकाशातून मारा सुरू झाला. या वेढ्यावर महमूद दरवीश यांनी पुढे एक गद्य पुस्तक लिहिले. १९८६ साली ते प्रसिद्ध झाले आणि इंग्रजीत ‘मेमरी फॉर फर्गेटफुलनेस’ या नावाने १९९५ साली आले. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. शहरातले लेखक-विचारवंत जमले आहेत, युद्धात कवीने काय करावे यावर खल चालला आहे. तिथे फैज आहेत. त्यांना वेगळीच चिंता आहे: बैरूतचे चित्रकार कुठे गेले? त्यांनी शहराच्या भिंतींवर हे युद्ध चितारायला हवे, असे त्यांचे म्हणणे. दरवीश चकित होतात. ज्या भिंतींवर चित्रे काढायची त्याच कोसळत आहेत, हे आपल्या या थोर मित्राला दिसत नाही काय, असे त्यांना वाटते.

हा प्रसंग वाचला, की वाचक सहसा दरवीश यांच्या बाजूने जातो. आम्हीही प्रथम गेलो. फैज भोळे वाटले. पण नंतर ध्यानात आले, की फैज काही लाहोरच्या दिवाणखान्यात बसून हा प्रश्न विचारीत नव्हते. ते त्याच शहरात होते, तेच बॉम्ब त्यांच्याही डोक्यावरून जात होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याच्या प्रसिद्धी खात्यात गणवेश घालून काम केले होते, पुढे १९५१ ते १९५५ तुरुंग भोगला होता. शब्द युद्धाच्या कामी कसा लागतो आणि त्याची किंमत काय, हे ते जाणून होते. भिंत पडणारच असेल, तर पडेपर्यंत तिच्यावर काहीतरी असावे, अशी त्यांची भावना असावी. दरवीश यांचे म्हणणे असे, की भिंत पडताना आधी भिंतीकडे नीट बघा. दोघांत भांडण नाही. युद्धातली कला या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभी असते, आणि प्रत्येक कलावंताला आपली जागा शोधावी लागते.

३

दरवीश यांनी स्वतःची जागा कुठे शोधली? स्वयंपाकघरात. पुस्तक ऑगस्टमधल्या एका दिवसाचे आहे. पहाटेचे तीन वाजले आहेत. मारा चालू आहे. नायकाला, म्हणजे दरवीश यांनाच, कॉफी हवी आहे. पण स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला, काचांच्या तोंडाशी. आणि समुद्रात युद्धनौका उभ्या. तिथपर्यंत जायचे कसे? कॉफी उकळेपर्यंतची पाच मिनिटे शांतता मिळाली तरी पुरे, एवढीच त्या माणसाची मागणी. मग कॉफी कशी करावी, पाणी किती, भुकटी कधी टाकावी, ढवळावे कसे, दुसऱ्याच्या हातची कॉफी पहाटे का चालत नाही, याचे वर्णन पानेच्या पाने येते. काही वाचकांना हा पाल्हाळ वाटतो. आमच्या मते पुस्तकाचे सगळे बळ इथेच आहे. एक पेला कॉफीसाठी माणूस मरू शकतो, हे एकदा वाचकाला पटले की वेढा म्हणजे काय ते त्याला आयुष्यभर विसरता येत नाही. हजारो मेल्याच्या बातम्या आपण चहा पिता पिता ऐकतो. इथे तो चहाच धोक्यात आला आहे.

दुसरी गोष्ट अशी, की दरवीश मधेच जुन्या इतिहासकारांची पाने आणून ठेवतात. क्रुसेडच्या काळाविषयी लिहिणारे इब्न अल असीर येतात, उसामा इब्न मुनकिझ येतात. आजचा वेढा शेकडो वर्षांच्या वेढ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. पण लेखक त्यातून गौरवगाथा रचीत नाही, सलाहुद्दीनला हाका मारीत नाही. आपल्याकडच्या कवितांत सलाहुद्दीन फार लवकर येतो आणि कवीची सुटका करतो. दरवीश स्वतःची सुटका होऊ देत नाहीत.

तिसरी गोष्ट वेळेची. वेढा १९८२ चा. ‘उंच सावलीची स्तुती’ अशा अर्थाचे नाव असलेली त्यांची दीर्घ कविता १९८३ साली आली. तिचा स्वर मोठा आहे, ती समुदायासमोर म्हणण्याची आहे आणि त्या घडीला तिची गरजही होती. पण कॉफीचे हे पुस्तक यायला आणखी तीन वर्षे जावी लागली. आम्ही मात्र एका रात्रीत चाळीस ओळी लिहून मोकळे झालो होतो! तातडीच्या कवितेला आमचा विरोध नाही. मोर्च्यात घोषणा लागतेच. पण घोषणा ही कवितेची जागा घेऊ लागली, म्हणजे संपादकाने आणि समीक्षकाने बोलले पाहिजे. ते आपल्याकडे कुणी बोलत नाही. कारण विषय दुःखाचा असतो आणि दुःखाच्या कवितेला वाईट म्हणणे पाप वाटते.

दरवीश यांना स्वतःलाही या कोंडीचा अनुभव होता. १९६४ सालच्या ओळखपत्राच्या कवितेने त्यांना अरबी जगात घरोघर पोहोचवले. पुढे त्याच कवितेची फर्माईश त्यांना नकोशी होत गेली. लोकांना कवी नको होता, त्यांना निशाण हवे होते. २००८ साली ह्यूस्टनला शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन होईपर्यंत ते या निशाणापासून आपली कविता वाचवीत राहिले.

४

आता फैज यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. चित्रकार कुठे होते? एक तर तिथेच होता. नाजी अल अली त्या वेढ्यात बैरूतच्या ‘अस सफीर’ या दैनिकासाठी व्यंगचित्रे काढीत होते. लहानपणी गालिलीतले आपले गाव सोडून ते लेबनॉनच्या ऐन अल हिलवे छावणीत आले होते. त्यांचा हंझला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल; नाव ठाऊक नसेल एवढेच. ठिगळांचे कपडे, अनवाणी पाय, डोक्यावर काट्यांसारखे उभे केस, वय दहा वर्षे. दहाच का? कारण नाजी यांनी गाव सोडले तेव्हा त्यांचे वय तेवढे होते, आणि परत जाईपर्यंत हंझला मोठा होणार नाही असे त्यांनी ठरवले होते. १९६९ साली कुवेतच्या एका वर्तमानपत्रात तो जन्मला. १९७३ च्या युद्धानंतर त्याने वाचकाकडे पाठ केली आणि हात मागे बांधले. त्यानंतर त्याचा चेहरा कुणाला दिसला नाही.

हंझला काही करीत नाही. दगड मारीत नाही, रडतही नाही, निदान बहुतेक चित्रांत तरी नाही. तो उभा राहून बघतो. त्याच्या समोर इस्रायली सैनिक असतो, तसेच तेलाच्या पैशाने गलेलठ्ठ झालेले अरब शेखही असतात, पॅलेस्टिनी पुढारीही असतात. नाजी यांनी आपल्या माणसांनाही सोडले नाही. १९८७ च्या २२ जुलैला लंडनमध्ये त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि २९ ऑगस्टला ते वारले. मारणारा कोणाचा, याचा वाद अजून मिटलेला नाही. संशयाची बोटे दोन्ही बाजूंना जातात, हीच त्यांच्या कलेच्या खरेपणाची खूण आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

दुसरा चित्रकार बैरूतमध्ये नव्हता. दिया अल अझ्झावी हे बगदादचे. १९७६ पासून लंडनवासी. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये साब्रा आणि शातिला इथे निर्वासितांची कत्तल झाली. अझ्झावी यांनी कागदावर बॉलपेन, पेन्सिल आणि मेणखडूने काम सुरू केले. तुकड्यातुकड्यांनी वाढत चित्र सुमारे तीन मीटर उंच आणि साडेसात मीटर रुंद झाले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. बॉलपेनने! शाळकरी पोर वहीत जे पेन वापरते, त्याने. तैलरंगाचा डौल त्यात नाही. खोल्या, हातपाय, जनावरे, दारे सगळे एकमेकांत घुसलेले. कुठला अवयव कोणाचा ते कळत नाही. अझ्झावी तिथे नव्हते आणि असल्याचे सोंगही त्यांनी केलेले नाही. दूर असलेल्या माणसाकडे फक्त तुकडे पोहोचतात, आणि तुकडेच त्यांनी मांडले.

हे चित्र पाहताना पिकासोचे ‘गेर्निका’ आठवणे साहजिक आहे. १९३७ च्या २६ एप्रिलला त्या गावावर बॉम्ब पडले, पिकासो पॅरिसमध्ये होता. तोही दूरच होता. त्या चित्राचे एक विणलेले प्रतिरूप न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेच्या दाराशी लावलेले होते. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकविरुद्धचा पुरावा मांडायला आले, तेव्हा त्यावर निळा पडदा टाकण्यात आला. कॅमेऱ्याच्या सोयीसाठी, असे सांगण्यात आले. कलेने युद्ध थांबत नाही, हे खरे आहे. गेर्निकानंतर किती गावे जळाली याची गणती नाही. पण साठ-पासष्ट वर्षांनीही युद्ध पुकारणाऱ्याला त्या चित्रासमोर उभे राहणे अवघड जात असेल, तर कलेची ताकद अगदीच शून्य आहे असेही म्हणवत नाही.

५

दूर असणे हा दोष नाही, हे अझ्झावी आणि पिकासो यांच्यावरून दिसते. आपल्या परंपरेतही याचे पुरावे आहेत आणि ते आपण विसरलो आहोत.

एक पुरावा मर्सियाचा. करबला घडली इसवी सन ६८० मध्ये. मीर अनीस यांनी लखनौमध्ये मर्सिये लिहिले ते एकोणिसाव्या शतकात. बाराशे वर्षांचे अंतर. त्यांच्या मर्सियांतली माणसे लखनौच्या खानदानी घरातल्यासारखी बोलतात, निरोप घेतात, एकमेकांचा अदब राखतात. काही टीकाकारांनी त्याला दोष मानले. अरबस्तानातली माणसे अशी कशी बोलतील, असे विचारले. पण ऐकणाऱ्या लखनौकराला करबला आपल्या अंगणात घडताना दिसली ती त्यामुळेच. आमच्याकडे सांगली-सोलापूरच्या सीमाभागात मोहरमला रिवायती गायल्या जातात, आणि त्या गाणाऱ्यांत सगळे मुसलमान नसतात. त्यांनी फुरात नदी पाहिलेली नाही. पण दुष्काळी मुलखात पाण्यावाचून मरणे म्हणजे काय, ते त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरा पुरावा पोवाड्याचा. १९४३ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. अण्णाभाऊंनी तेव्हा रशिया पाहिलेला नव्हता. तो योग १९६१ साली आला. वाटेगावचा माणूस, मुंबईच्या कामगार वस्तीत राहणारा, समोर बसलेले श्रोते गिरणीत आणि गोदीत राबणारे. त्यांच्यासाठी त्याने व्होल्गाकाठची लढाई डफावर आणली. ते कसे जमले? पोवाड्यात शाहीर हा सांगणारा असतो. मी तिथे होतो असे तो म्हणत नाही. ऐका, तुम्हांला सांगतो, असे म्हणतो. अंतर त्या साच्यातच मान्य केलेले असते. १९४४ साली अण्णाभाऊ, द. ना. गवाणकर आणि आमचे बार्शीचे अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. महबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा शाहीर अमर शेख झाला तो याच मातीत. दूरच्या माणसाचे दुःख आपल्या गळ्यातून कसे न्यावे, हे शिकायला आम्हांला बैरूतपर्यंत जायची गरज नव्हती. बार्शी जवळच होती.

आमच्या चाळीस ओळींचा दोष आता नेमका सांगता येतो. आम्ही दूर होतो, पण जवळ असल्याचा आव आणला. त्या आईच्या किंकाळीत आम्ही आपला आवाज मिसळला आणि तो आवाज तिचाच आहे असे समजलो.

६

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ‘तुम्हांला गाझा दिसतो, कारण तिथे मुसलमान मरतात,’ असे आम्हांला ऐकवले जाते. कधी मित्रत्वाने, कधी संशयाने. संमेलनाच्या मांडवात पॅलेस्टाईनची कविता म्हणणाऱ्या मुस्लिम कवीकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ती नजर आमच्यापैकी प्रत्येकाने झेलली आहे. त्याचे एक उत्तर सोपे आहे. पॅलेस्टाईनचे दुःख एका धर्माचे नाही. कादंबरीकार एमिल हबीबी ख्रिस्ती घरातले, एडवर्ड सईद ख्रिस्ती घरातले, १९७३ साली बैरूतमध्ये मारले गेलेले कवी कमाल नासिर ख्रिस्तीच.

पण दुसरे उत्तर आमचे आम्हांला द्यायचे आहे, आणि ते कठीण आहे. १९८० ते १९८८ इराण आणि इराक लढले, दोन्ही बाजूंना लाखो माणसे मेली. २००३ पासून दारफूर जळाले. येमेनमध्ये पोरे उपाशी मेली. या युद्धांवरच्या किती कविता आपल्या वार्षिकांत आल्या? जिथे मारणाराही कलमा पढणारा होता, तिथे आपली लेखणी का थबकली? आक्षेप घेणाऱ्याचा हेतू काहीही असो, हा प्रश्न खोटा ठरत नाही. उम्मतच्या दुःखावर लिहायचे तर उम्मतमधल्या जुलमावरही लिहावे लागेल. नाजी अल अली यांनी ते केले आणि जीव दिला. आपल्याला तर जीवही द्यायचा नाही. चार लोकांची नाराजी पत्करायची आहे.

याहून पुढची पायरी शत्रूला माणूस म्हणून पाहण्याची. १९६७ च्या युद्धानंतर दरवीश यांनी एका इस्रायली सैनिकावर कविता लिहिली. पांढऱ्या लिलींची स्वप्ने पाहणारा तो सैनिक. त्यावरून त्यांना आपल्याच लोकांचे बोल ऐकावे लागले. तो सैनिक कल्पनेतला नव्हता. पुढे इतिहासकार म्हणून नावारूपाला आलेले श्लोमो सँड यांनी तो आपणच असल्याचे सांगितले आहे. गाव गमावलेल्या कवीने जिंकणाऱ्या सैनिकाचे ऐकून घेतले. हे औदार्य आम्ही आमच्या भाषेत कोणासाठी दाखवू शकतो, असा विचार मनात आला, की उत्तर लवकर सुचत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझामध्ये जे घडले, त्याने हे सगळे प्रश्न नव्याने समोर आणले. इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक रिफअत अल अरईर यांनी २०१४ साली गाझातल्या तरुणांच्या कथांचे पुस्तक संपादित केले होते. डिसेंबर २०२३ मध्ये ते हवाई हल्ल्यात मारले गेले. त्यांची एक छोटी कविता मग कितीतरी भाषांत गेली. तिच्यात सूड नाही, उम्मतला हाक नाही. आपल्यामागे कुणीतरी एक पतंग करावा, तो एखाद्या पोराला दिसावा, एवढेच मागणे आहे. कॉफीचा पेला, अंगाई, बॉलपेन, पतंग. मोठ्या संकटातून कलावंतांनी वाचवून आणलेल्या वस्तू पाहा. सगळ्या घरातल्या आहेत.

७

मग आमच्या घरात काय आहे?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळला. आमच्या कोकणातल्या, रत्नागिरी-रायगडच्या किती मोहल्ल्यांतले पुरुष तेव्हा कुवेतमध्ये होते, हे वेगळे सांगायला नको. नोकरी गेली, पगार बुडाले, कुवेती दिनाराची किंमत रातोरात गेली. लोक बस-ट्रक मिळेल त्याने बगदादमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीवर पोहोचले, वाळवंटातल्या छावण्यांत राहिले आणि अम्मानहून विमानाने परतले. त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सुमारे १,७०,००० भारतीयांना असे परत आणले गेले. आमच्या नात्यातले एक चाचा त्यांत होते. त्यांनी येताना पाण्याचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन आणला होता, बाकी काही नाही. छावणीत त्या कॅनवर त्यांनी डोके ठेवून झोप काढली, चोरीला जाऊ नये म्हणून. पुढे चाचीने त्यात कित्येक वर्षे घासलेट ठेवले. चाचा त्या दिवसांविषयी बोलत नसत. कुणी विचारले तर म्हणत, ‘अल्लाने सुखरूप आणले, आणखी काय!’

ही युद्धाची गोष्ट आहे, आणि ती मराठी मुसलमानाच्या घरातली आहे. तिच्यावर आमच्या साहित्यात काय आहे? आमच्या वाचनात तरी मोजकेच काही आले. १९९० सालीच सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपली वेदना आपल्या भाषेत लिहू, असे आपण तिथे म्हणालो. त्याच वर्षी कुवेतहून माणसे पाण्याचे कॅन घेऊन परतत होती.

घस्सान कनफानी यांची ‘मेन इन द सन’ या नावाने इंग्रजीत गेलेली कादंबरिका १९६३ ची आहे. तीन पॅलेस्टिनी माणसे रोजगारासाठी चोरून कुवेतला निघतात. पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून सरहद्द ओलांडायची असते. नाक्यावरचे कारकून ड्रायव्हरशी थट्टामस्करी करीत वेळ काढतात, आणि तेवढ्यात आतले तिघे उन्हाने भाजून मरतात. आम्ही ही गोष्ट पॅलेस्टाईनची म्हणून वाचली, हळहळलो. ती आपल्या चाचांचीही होऊ शकली असती, हे आम्हांला फार उशिरा सुचले. कुवेतचे ते ऊन, तो नाका, ते कारकून आमच्या लोकांना कनफानींइतकेच ठाऊक होते.

गाझावर लिहू नका, असे आमचे म्हणणे नाही. लिहाच. फक्त लिहिण्यापूर्वी आपण कुठे उभे आहोत ते कवितेला कळू द्या. रत्नागिरीच्या पडवीत, मालेगावच्या यंत्रमागाजवळ, मुंब्र्याच्या चौथ्या मजल्यावर बसून टीव्ही पाहणारा माणूस गाझाविषयी काय जाणतो आणि काय जाणत नाही, तेवढेच खरे लिहिले तरी पुष्कळ झाले. आणि त्याबरोबर आपल्या घरात येऊन गेलेले युद्धही लिहा. परतलेले ते चाचा आता सत्तरी-ऐंशीला पोहोचले आहेत, काही अल्लाला प्यारे झाले. आमचे चाचा गेल्याला बरीच वर्षे झाली. त्यांना विचारायचे राहून गेले. चाची आहेत. तो कॅन कुठे आहे, हे विचारायला या ईदला त्यांच्याकडे जायचे आम्ही ठरवले आहे.